भिंत डाव्या हाताला

नांदेडच्या ज्या दैनिकात मी काम करते, तिथे नव्याने आलेल्या माणसाला पहिलं काम निधन वार्तांचं देतात. काम सोपं समजलं जातं, कारण साचा ठरलेला असतो. नाव, वय, गाव, अंत्यसंस्काराची वेळ आणि शेवटी एक वाक्य : 'त्यांच्या पश्चात पती, दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' आता मी जिल्ह्याची पानं पाहते, निधन वार्ता माझ्याकडे नसतात. तरी कोणी गेल्याचं कळलं की मनात आधी तो साचाच उभा राहतो.

माझे आईवडील लातूरला राहतात. वडील शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. आमच्या पेपरची लातूर आवृत्ती त्यांच्या घरी येते. वडील अग्रलेखापासून वाचायला सुरुवात करतात, आई निधन वार्तांपासून. एका सकाळी तिचा फोन आला. त्या दिवशी जिची बातमी होती ती बाई आमच्या जुन्या गल्लीत राहायची.

"ह्या बाईनं काय केलं ते न्हाई लिहिलं तुम्ही," आई म्हणाली.

"लिहिलंय की. वय, गाव, परिवार."

"परिवार तिच्या माघारी राहिला. ती असताना तिनं काय केलं, ते विचारून राहिले मी."

जागा कमी असते, घरचे जेवढं कळवतात तेवढंच छापतो, असं मी सांगितलं.

"मंग माझ्या वेळी तू काय कळवशील?"

सकाळी सकाळी असलं काही बोलू नकोस, मी म्हणाले. ती हसली.

"अगं बाई, मी मरून न्हाई राहिले. विचारून राहिले. पती, एक मुलगी, एक जावई. पुढं?"

 तिने काहीच केलं नव्हतं, असं नाही. नळ येईल त्या दिवशी पहाटे उठून घरातलं प्रत्येक भांडं भरणं, वडिलांच्या शिकवणीला येणाऱ्या पोरांना चहा देणं, दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांचं शेवटपर्यंत करणं, हे सगळं तिने केलं. पण बातमीच्या धंद्यात रोज घडतं ते छापत नाहीत. आईचं सगळं आयुष्य रोज घडणाऱ्या गोष्टींचं होतं.

"तूच सांग," मी म्हणाले. "काय लिहू?"

 मागे वडिलांचा रेडिओ ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "मला पोहता येत होतं."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या जन्मापासून मी तिला पाण्यात पाहिलं नव्हतं. भोकर तालुक्यातल्या तिच्या माहेरी शेतात एक मोठी गोल विहीर होती. पाठीला वाळलेला भोपळा बांधून तिच्या भावांनी तिला त्यात ढकललं आणि काही दिवसांनी भोपळा सोडून घेतला. मग ती भावांच्या बरोबरीने काठावरून गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारायची आणि विहिरीला फेऱ्या घालायची. भाऊ थकून पायऱ्यांवर बसायचे, ही पोहत राहायची. मग तिला पोलक्या-परकराऐवजी साडी आली आणि विहीर बंद झाली. कोणी रागावलं नाही, कोणी मनाई केली नाही. आता तू मोठी झालीस, एवढंच आजी म्हणाली आणि ते पुरलं.

"मंग आता मोठेपण पुरे झालं म्हणते मी," आई म्हणाली. "इथं तलाव हाय, बायांची वेगळी वेळ हाय. एक ओळ तरी माझी पाहिजे. मी केलेली."

लातूरमध्ये पोहायला जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला थोडं सांगावं लागेल. या शहरात नळाला पाणी कधी येणार, हा रोजच्या बोलण्याचा विषय आहे. टँकर गल्लीत शिरला की माणसं हातातला घास टाकून बाहेर पडतात. अशा गावात साठीची बाई पिशवीत टॉवेल घेऊन पोहायला निघाली, ही गल्लीपुरती मोठी बातमी होती.

"अव काकू," शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "प्यायला टँकर अन् तुम्ही पोहायला?"

"हाव," आई म्हणाली. "पिण्याइतकं न्हाई ना, मंग पोहण्याइतकं कुठं हाय ते बघून येते."

वडिलांचा विरोध वेगळा होता. पाणी पुन्हा पुन्हा गाळून वापरतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांना कपड्यांची चिंता होती. आईने बाजारातून लांब बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख आणला आणि रबरी टोपी आणली. टोपी घालून ती आरशासमोर उभी राहिली.

"बेलफळ दिसून राहिले मी," ती म्हणाली.

"बेलफळ बरं," वडील म्हणाले. "बेलफळ पाण्यात जात नाही."

"तुम्ही डोळे मिटून घ्या. मी कुठं तुम्हाला दाखवायला चालले?"

साप्ताहिक सुट्टीला मी लातूरला गेले तेव्हा तिच्याबरोबर तलावावर गेले. बायकांच्या वेळेला शिकवायला एक तरुण मुलगी होती, उदगीरकडची. तिने पहिल्या दिवशी आईला आजी म्हटलं होतं.

"आजी गल्लीतली पोरं म्हणतात मला," आईने तिला सांगितलं होतं. "इथं मी शिकायला आलेय. काकू म्हण."

आईने मुटका मारला. कडेला उभ्या असलेल्या सगळ्यांच्या पायांवर पाणी उडालं. मग ती वर आली आणि पोहायला लागली. ती डोकं वर ठेवून पोहत होती. विहिरीत कोणी तोंड पाण्यात घालून पोहत नाही, कारण तिथे समोर कोण आहे ते दिसावं लागतं. हात लांब आणि सावकाश पडत होते. दम लागल्याची खूण नव्हती. इतकी वर्षं न केलेली गोष्ट माणसाच्या अंगात अशी शाबूत राहते, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पण ती सरळ जात नव्हती. तलावाच्या मध्यापासून निघाली की थोड्या अंतरावर ती डावीकडे वळायला लागायची. वळत वळत पुरतं अर्धवर्तुळ करून ती निघाली होती त्याच बाजूला परत यायची आणि चकित होऊन काठाकडे पाहायची.

"काकू, सरळ! सरळ!" ती मुलगी ओरडायची.

"सरळच चाललेय की!"

"तुम्ही परत इकडंच आलात काकू!"

कारण आईने सांगितलं तेव्हा ती मुलगी खाली बसून हसली. विहीर गोल असते. तिच्यात सरळ पोहत कोणी जात नाही. जायला जागाच नसते. भिंतीच्या कडेने फेऱ्या घालायच्या असतात, आणि आईच्या माहेरी त्या नेहमी डावीकडे वळत घालायची रीत होती. लहानपणी हाताला लागलेलं वळण सुटलं नव्हतं. तळाला आखलेल्या काळ्या रेघा डोकं वर ठेवून पोहणाऱ्या माणसाला दिसत नाहीत. डोकं खाली घातलं की आईला गुदमरल्यासारखं व्हायचं. चष्मा लावला तर त्यावर वाफ धरायची.

तरीही ती रोज जात होती. काही महिन्यांनी तिला कळलं की हिवाळ्यात नांदेडला ज्येष्ठांच्या पोहण्याच्या स्पर्धा आहेत. साठीपुढच्या स्त्रियांची एक शर्यत होती, पन्नास मीटर, मुक्त शैली. तलावाची लांबी पंचवीस मीटर, म्हणजे एकदा जायचं आणि एकदा यायचं. आईने नाव दिलं. नाव दिल्यावर घरी सांगितलं.

"तू गोल जातेस," वडील म्हणाले. "गोल शर्यत असेल तर जा."

"सरळ जाईन."

"आणि नाही गेलीस तर? नांदेडला आपली निम्मी माणसं आहेत. मुलगी तिथे पेपरात आहे."

"म्हणून तर तिथं," आई म्हणाली.

स्पर्धेआधी लातूरच्या तलावावर सरावाची शर्यत झाली. ती मी पाहिलेली नाही; आईकडून ऐकली आणि शिकवणाऱ्या मुलीकडून तपासून घेतली. चार बायका होत्या. तळाच्या रेघांनी प्रत्येकीची पट्टी आखलेली होती, मध्ये दोर नव्हते; आई दुसऱ्या पट्टीत होती. तिच्या डावीकडे, पहिल्या पट्टीत, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई होत्या. शिट्टी वाजली. आई मध्यापर्यंत पुढे होती. मग ती वळली आणि सरळ नर्सबाईंच्या अंगावर गेली. दोघींची डोकी एकमेकींवर आदळली. नर्सबाईंच्या नाकात पाणी गेलं.

"बाई, रस्त्यावर तरी हॉर्न देतात!" त्या काठाला धरून खोकत म्हणाल्या.

आईने हात जोडले. शिकवणाऱ्या मुलीने नियमाप्रमाणे तिला बाद केलं. दुसऱ्याच्या पट्टीत गेलं की बाद, नांदेडलाही हाच नियम होता.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. इतर वेळी ती आधी माझ्या जेवणाचं विचारते.

"बाद केलं मला," ती म्हणाली.

सराव होता तो, मी म्हणाले.

"सरावात बाद झालं तर खऱ्यात काय होईल? मी सांगू तुला काय होईल? लोक म्हणतील, एक बाई पोहायला आली होती, दुसरीच्या डोक्यावर गेली. हीच ओळ राहील माझी. त्यापेक्षा कोरी बरी."

पुढचे काही दिवस ती तलावावर गेली नाही. वडिलांनी मला हळू आवाजात फोन करून सांगितलं की घरात बरं वाटत नाही, ती पेपर उघडतच नाही. ज्यांनी विरोध केला होता तेच आता म्हणत होते, तू ये आणि तिला तलावावर घेऊन जा. मला सुट्टी नव्हती. शेवटी वडीलच तिला तलावापर्यंत सोडायला गेले. बायकांची वेळ असल्याने ते बाहेर रिक्षावाल्यांच्या बाकावर बसले.

त्या दिवशी ती स्पर्धेसाठी पोहत नव्हती. काठाकाठाने, भिंतीला जवळजवळ चिकटून, सावकाश गेली. परत येताना मान दुखली म्हणून उताणी झाली आणि आभाळाकडे बघत पाय मारत आली. काठाशी पोहोचल्यावर तिच्या लक्षात आलं की ती अख्खी सरळ आली होती. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा सरळ.

त्यांचा घरून फोन आला तेव्हा मी संपादकांच्या बैठकीत होते. फोन वाजत राहिला म्हणून बाहेर येऊन उचलला.

"बाई, उताणं झालं की भिंत डाव्याच हाताला राहते!" आई ओरडून सांगत होती.

मला काही समजलं नाही. फोन वडिलांनी घेतला. ते धापा टाकत होते. नंतर कळलं की घरी आल्यावर त्यांनी हॉलच्या फरशीवर भिंतीला लागून झोपून ही गोष्ट पडताळून पाहिली होती, आधी पालथे, मग दिशा बदलून उताणे.

"बघ," ते शाळेतल्या आवाजात म्हणाले. "ती डावीकडे वळते. डावीकडे भिंत असेल तर वळून जाणार कुठे? भिंत तिला धरून ठेवते. जाताना हे जमतं. येताना पालथी आली तर भिंत उजवीकडे जाते आणि ही मोकळी सुटते. पण उताणी आली तर दिशा बदलते आणि अंगाची बाजूही बदलते. भिंत पुन्हा डावीकडे! दोनदा उलटं केलं की सुलटं. कळलं का?"

"कळलं बाबा."

"मला पण आत्ताच कळलं," ते म्हणाले. "हिला पाण्यात कळलं."

शिकवणाऱ्या मुलीने नियम पाहिला. मुक्त शैलीत कसंही पोहता येतं, पालथं, उताणं, अर्धं असं अर्धं तसं. अडचण एकच होती. आईला डाव्या कडेची पहिली पट्टीच पाहिजे होती, आणि पट्ट्या नांदेडला चिठ्ठ्या टाकून देणार होते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोघं माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो तेव्हा ऊन चांगलं पडलं होतं, पण पाणी गार होतं. मुदखेडहून, उमरीहून माणसं आली होती. कोणी आपल्या आजोबांना पोहताना बघायला आलं होतं, कोणी नुसतं हसायला. पुरुषांच्या शर्यती आधी झाल्या. मग साठीपुढच्या स्त्रियांना बोलावलं. पाच जणी होत्या. त्यांत लातूरच्या नर्सबाईही होत्या. आईला पाहून त्यांनी आपली टोपी दोन्ही हातांनी घट्ट केली.

स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. आईला तिसरी पट्टी आली, अगदी मधली. पहिली पट्टी नर्सबाईंना आली.

आईचा चेहरा मी पाहिला. तिने फक्त तलावाच्या डाव्या भिंतीकडे पाहिलं आणि मग आपल्या चिठ्ठीकडे. वडील माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

मग आई चालत नर्सबाईंकडे गेली. पुढचं मला जवळून ऐकू आलं, कारण मीही मागे गेले.

"बाई, तुमची पट्टी मला द्या," आई म्हणाली. "मला भिंत पाहिजे."

"आणि मला काय मिळेल?"

"मधली. मोकळी. तिथं तुमच्या अंगावर कोणी येणार न्हाई."

नर्सबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही भिंतीशी असाल?"

"भिंतीशीच. भिंत सोडली तर तुम्ही मला बुडवा."

"घ्या," नर्सबाई म्हणाल्या. "खुशाल घ्या. माझं नाक वाचलं."

पंचांनी दोघींची संमती विचारून अदलाबदल मान्य केली.

बाकीच्या चौघी पाण्यात उतरून भिंतीला धरून उभ्या राहिल्या. आई काठावर उभी राहिली. एका पंचाने तिला खाली उतरायची खूण केली. ती म्हणाली, "असंच जाते मी." चालेल, दुसरा म्हणाला. शिट्टी वाजली आणि आईने मुटका मारला. पाणी पंचांच्या टेबलावर गेलं. वेळ लिहिणाऱ्या माणसाने कागद उचलून छातीशी धरला. लोक खदखदून हसले. माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "आजीनं बॉम्ब टाकला!"

हसणं विरेपर्यंत ती वर आली होती आणि पोहत होती. उडी मारण्यात ती मागे पडली होती. मधल्या पट्टीतल्या नर्सबाई पुढे होत्या, त्यांच्याही पुढे नांदेडच्याच एक बाई, त्या अगदी शिकल्यासारख्या पोहत होत्या. आईचा डावा हात दर वेळी भिंतीला घासत होता. तलावाच्या मध्यावर ती वळायला लागली. ते मला तिच्या खांद्यावरून कळलं. खांदा भिंतीला टेकला, घासला आणि भिंतीने तिला सरळ ठेवलं. दुसरा हात, पुन्हा भिंत. ती समोरच्या टोकाला पोहोचली तेव्हा तिसरी होती.

तिथे तिने भिंत धरली, पाय टेकवले, उताणी झाली आणि ढकललं.

लोकांना वाटलं ती दमली. "काकू, सोडू नका!" असा आवाज आला. वडील तोपर्यंत माझ्या शेजारून गेले होते. ते कडेने, तिच्या डोक्याच्या बरोबरीने, मागे मागे चालत होते. विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. स्वयंसेवक त्यांना म्हणत होता, "काका, मागं व्हा, काका!" वडील त्याच्याकडे न बघता खाली वाकून ओरडत होते.

"सरळ आहेस! सरळ आहेस! हात लांब टाक!"

आईला आभाळ सोडून काही दिसत नव्हतं. कोण पुढे आहे, कोण मागे, हेही तिला माहीत नव्हतं. ती फक्त डाव्या हाताला भिंत आहे का, एवढं चाचपत होती, आणि भिंत प्रत्येक वेळी होती. उताणं पोहताना तिचा दम मोकळा झाला. विहिरीत भाऊ थकून पायऱ्यांवर बसल्यावर जी मुलगी पोहत राहायची, तिच्या हातांचा वेग कसा असेल ते मी त्या सकाळी पाहिलं. पट्टीच्या शेवटच्या भागात नर्सबाईंचे हात जड झाले होते. आई त्यांच्या पुढे गेली. पुढे गेल्याचं तिला कळलंच नाही. तिचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा तिला कळलं की शर्यत संपली.

नांदेडच्या बाई पहिल्या आल्या. आई दुसरी, नर्सबाई तिसऱ्या. पंच वाकून आपापसात बोलले. एकाने पहिल्या पट्टीकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने मान हलवली. तेवढ्या वेळात वडिलांनी दोनदा मला विचारलं, काय म्हणतायत, काय म्हणतायत. मग ध्वनिक्षेपकावरून निकाल सांगितला. कोणीही बाद नव्हतं.

आई अजून पाण्यातच होती. तिने भिंतीवर कोपरं टेकवली होती.  तिने तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, आणि मग मोठ्याने हसली. मी तिचं हसणं आयुष्यभर ऐकलं आहे, पण ते घरातलं, तोंडावर पदर घेऊन हसलेलं. हे उघड्यावरचं होतं. पूर्ण तलावाला ऐकू गेलं.

"दुसरी कशी आले मी?" तिने वर बघून वडिलांना विचारलं. "पहिली कोण आली?"

"पहिली येणारी वेगळीच जात आहे," वडील म्हणाले. "तू दुसरी आलीस. सरळ आलीस."

नर्सबाई बाहेर आल्या आणि टॉवेल डोक्यावर घेत म्हणाल्या, "मी भिंत दिली नसती तर दुसरी मी असते."

"आणि बुडाला असतात," आई म्हणाली.

"ते पण खरं."

दोघी पायऱ्यांवर एकाच टॉवेलने पाय पुसत बसल्या.

मी कार्यालयात गेले. निकालाची बातमी क्रीडा पानावर लागायची होती. ते पान लावणाऱ्या सहकाऱ्याने यादीत माझं माहेरचं आडनाव पाहून विचारलं, "या तुमच्या आई का? फोटो लावू?" जसा निकाल आलाय तसा लाव, मी म्हणाले. त्याने तसाच लावला. वयोगट, अंतर, तीन नावं, आईचं मधलं. त्या दिवशी ते पानही तपासायला माझ्याकडे आलं. ओळी तपासताना मी त्या नावावर आले आणि इतर नावांवर थांबले तेवढीच थांबले. नाव बरोबर होतं. वेलांट्या बरोबर होत्या. मी पान सोडलं आणि मग पाणी प्यायच्या निमित्ताने जिन्यात जाऊन उभी राहिले. बराच वेळ मला परत जाता आलं नाही. एवढा आनंद घेऊन टेबलावर बसायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं लातूरला निघाले. मी त्यांना बसस्थानकावर सोडायला गेले. आईला खिडकीची जागा मिळाली. वडील मागच्या बाकावर बसले, कारण आईशेजारी लोह्याला उतरणारी एक बाई आधीच बसली होती. आईच्या डाव्या हाताच्या बोटांवर आणि कोपरावर पट्ट्या होत्या. भिंतीने सालटं काढली होती.

"काय लागलं हो हाताला?" त्या बाईने विचारलं. "पडलात का?"

"पडले न्हाई," आई म्हणाली. "त्याचं असं झालं, आमच्या गावाला विहीर होती."

बातमी लिहायला शिकवताना आधी निकाल सांगायला शिकवतात. कोण जिंकलं, कुठे, कधी. कारणं आणि मागचा भाग खाली, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येतं. आईने निकाल सांगितलाच नाही. तिने विहीर किती खोल ते सांगितलं. भोपळा सांगितला. साडी आल्यावर पाण्याशी बोलणं कसं बंद झालं ते सांगितलं. यातलं काही कापता येणार नाही, हे मला खिडकीखाली उभं राहून कळत होतं. त्या बाईने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. पुढच्या बाकावरचा माणूस मान वळवून बसला. मागून वडील एकदा म्हणाले, "इतकी खोल नव्हती," आणि त्या बाईने मागे न बघता त्यांना हाताने गप्प केलं.

वाहक आला. "चला, चला, दार लावा."

"दम धरा हो जरा," ती बाई म्हणाली. "डोक्याला डोकं आपटलंय इथं."

बस सुरू झाली. मी बाजूला सरकले. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, तिला फुरसत नव्हती. गाडी वळण घेऊन स्थानकाबाहेर निघाली तेव्हा सांगता सांगता ती बहुतेक तलावाच्या समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचली असावी, कारण तिचा पट्ट्या बांधलेला हात खिडकीतून बाहेर आला, वर गेला आणि लांब मागे पडला. पुन्हा वर गेला. आतून वाहकाचा आवाज आला, रस्त्यापर्यंत ऐकू येईल असा.

"मावशी, हात आत घ्या!"